बांधायच्या आधी घरात चालून बघणं: व्हीआरमधली इमारत कशी रचावी आणि ती कुठे कामाला येते

ओळंबा (सातारा)

सातारा शहरात आणि आसपासच्या गावांत मी घरांचे नकाशे काढतो. प्लॅन टेबलावर पसरला की घरातले एकदोघं त्यावर बोलतात, बाकीचे मान डोलावतात आणि म्हातारी माणसं "तुम्ही कराल ते बरोबरच असणार" म्हणून बाजूला होतात. त्या घरात सगळ्यात जास्त वेळ याच बाजूला झालेल्या माणसांचा जाणार असतो. स्वयंपाकघराचं दार उघडलं की फ्रिजवर आपटतं, देवघरासमोरूनच बाथरूमला जावं लागतं, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बीम कपाळाला येतो, हे त्यांना भिंती उभ्या राहिल्यावर कळतं. तेव्हा फोडाफोडीशिवाय मार्ग नसतो.

म्हणून मी आता जमेल त्या कामात प्लॅन पक्का करण्याआधी ते घर व्हीआरमध्ये, म्हणजे डोक्याला हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगात, उभं करतो आणि घरातल्या प्रत्येकाला त्यातून चालवतो. गरगर फिरणारं थ्रीडी चित्र किंवा ३६० अंशांचा फोटो वेगळा. तिथे मान वळवता येते, पण पाऊल टाकलं तरी आपण जागचे हलत नाही. चालता येणाऱ्या इमारतीत हेडसेट डोक्याचं वळणं आणि सरकणं, दोन्ही मोजतो. वाकलात तर ओट्याखाली दिसतं, खिडकीजवळ गेलात तर बाहेरचं जास्त दिसतं, टाचा उंचावल्या तर माळ्यावर काय ठेवलंय ते दिसतं. मापाचा अंदाज शरीराला येतो तो या सरकण्यामुळे.

कल्पना जुनी आहे. संगणकाचं चित्र दाखवणारा, डोक्यावर चढवायचा पहिला पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवला. मला जास्त जवळचं वाटणारं उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं, चॅपेल हिल इथलं आहे. तिथल्या संगणकशास्त्र विभागासाठी सिटरसन हॉल ही नवी इमारत व्हायची होती. फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या गटाने बांधकामाआधी नकाशांवरून तिचं मॉडेल केलं आणि सायकलचं हँडल लावलेल्या चालपट्ट्यावर चालत लोक त्यातून फिरले. लॉबीतल्या एका आडभिंतीमुळे तिथे कोंडल्यासारखं होतं हे फिरताना जाणवलं, वास्तुविशारदांनाही ते पटलं आणि भिंत हलली. १९८० च्या दशकातल्या संगणकांवर हे झालं. आज आपल्या हातात त्याहून कितीतरी ताकदीची साधनं आहेत आणि आपण ती बहुतेक वेळा सोफ्याचा रंग दाखवायला वापरतो.

आता रचनेबद्दल. मॉडेल चकचकीत दिसण्याआधी मापाला खरं असलं पाहिजे. नऊ इंची भिंत म्हणजे प्लास्टर धरून जी जाडी होते ती काढा. दाराची चौकट, उंबरा, खिडकीची सिल, बीमची खाली उतरलेली बाजू, पंख्याची उंची, सगळं असू द्या. खोली रिकामी ठेवू नका, कारण रिकाम्या खोलीचं माप डोळ्याला लागत नाही. रोज हाताळतो त्या मापाच्या वस्तू आत हव्यात: लोखंडी कपाट, सहा बाय साडेतीनचा पलंग, गॅस सिलिंडर, पाण्याचा पिंप. सिलिंडरशेजारी उभं राहिलं की ओटा केवढा आहे हे सांगावं लागत नाही. आणखी एक, हेडसेटला जमीन नीट ओळखता आली आहे का ते बघा. हातातला कंट्रोलर खऱ्या फरशीवर ठेवायचा. तो आतल्या फरशीवरच टेकलेला दिसला पाहिजे. दोनचार इंचांचा फरक राहिला तर अख्खं घर बुटकं किंवा उंच वाटतं आणि माणूस चुकीच्या गोष्टीवर मत देतो.

उत्तर दिशा नेमकी धरा. सातारा साधारण १७.७ अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य आपल्याकडे जेमतेम ४९ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर येतं. जूनमध्ये तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो. वायव्येच्या खोलीला संध्याकाळचं ऊन लागणार नाही असं धरून चालणाऱ्यांना ते एप्रिल-मेमध्ये लागतंच. मॉडेलला स्थळ आणि तारीख दिली की हे सगळं दिसतं. पण मोबाइलसारख्या चिपवर चालणाऱ्या हेडसेटला प्रत्येक क्षणी सावल्या मोजणं झेपत नाही, त्या आधीच टेक्श्चरमध्ये (पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रात) भाजून, म्हणजे पक्क्या करून, ठेवाव्या लागतात. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन वेगळे संच करतो आणि मेचा मावळता सूर्य हमखास दाखवतो.

तुमच्याकडे हे कोणी करत असेल, करून घेतलं असेल, किंवा घराशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरलं असेल तर लिहा. मला उपयोगांबद्दल जास्त ऐकायचंय.

घाटमाथा (वाई)

लेख आवडला, पण साइटवरच्या माणसाच्या बाजूने थोडं बोलतो. आम्ही लाइनआउट करताना, म्हणजे जमिनीवर प्लॅन आखताना, फक्की (चुन्याची पूड) मारतो. मालकाला बायकोमुलांसकट बोलावतो, फक्कीच्या रेघांमधून चालायला लावतो. हा हॉल, ही बेडरूम, इथे दार. खर्च एका घमेल्याचा. खोल्या केवढ्या आहेत हे त्यातूनच बऱ्यापैकी कळतं. शिवाय ज्या गोष्टींनी घर पुढे त्रास देतं त्या तुमच्या हेडसेटमध्ये दिसत नाहीत. टॉयलेटचा सनकन (खाली उतरवलेला) स्लॅब नीट वॉटरप्रूफ झाला का, कॉलमची कव्हरिंग (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर) पुरेशी आहे का, काँक्रीटवर पाणी किती दिवस मारलं. माणूस आत फिरून खूश होतो आणि पैसे चकचकीत दिसणाऱ्या गोष्टींवर घालतो. ही भीती मला खरंच वाटते.

ओळंबा

@घाटमाथा, फक्की मीही मारायला लावतो आणि पुढेही लावेन. पण उघड्या जमिनीवर रेघांमध्ये उभं राहिलं की दहा बाय बाराची खोली खुराड्याएवढी वाटते. भिंती आल्या, प्लास्टर झालं, की तीच पुन्हा ऐसपैस वाटायला लागते. तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलं असेल. आणि फक्कीत उंची नसते. जिन्याखालून जाताना डोकं लागतं का, दोन दारं एकमेकांवर उघडतात का, शेजारच्या गच्चीवरून आपलं स्वयंपाकघर दिसतं का, हे रेघेत कळत नाही.

वॉटरप्रूफिंगचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. चालून बघण्याचा उपयोग जागेचे निर्णय घेण्यापुरता आहे. बांधकामाच्या दर्जाला साइटवर उभं राहण्याशिवाय पर्याय नाही.

याच ओघात हेडसेटचा एक दोष सांगतो, तो रचनाकाराला माहीत हवाच. व्हीआरमध्ये माणसं अंतर कमी धरतात. यावर भरपूर संशोधन झालंय आणि नव्या हेडसेटमध्ये फरक कमी झाला तरी संपलेला नाही. दिसण्याची रुंदीही शंभर अंशांच्या आसपास असते, आपल्या उघड्या डोळ्यांच्या जवळपास निम्मी. त्यामुळे पहिल्यांदा आत गेलेला माणूस "खोली लहान आहे, दोन फूट वाढवा" म्हणतो. लगेच वाढवू नका. मी माझ्या ऑफिसची खोली आधी मॉडेल करून ठेवली आहे. माणूस जिथे खरोखर उभा आहे त्याच खोलीची प्रतिकृती त्याला आधी दाखवायची, तिथे पाच मिनिटं फिरू द्यायचं आणि मग त्याच्या घरात न्यायचं. ओळखीच्या जागेवरून नजर जुळली की अंदाज बराच सुधारतो.

माजघर (सातारा)

आमच्या घराचं असं मॉडेल केलं होतं (धागाकर्त्यांनी नव्हे, दुसऱ्यांनी). एक चांगलं झालं. सासूबाई कधी प्लॅनबद्दल बोलल्या नव्हत्या. त्या आत शिरल्या, स्वयंपाकघरातून देवघराकडे गेल्या आणि म्हणाल्या, "कुकरची शिट्टी झाली तर मला पूजेवरून उठून दोन दारं ओलांडावी लागतील." तेवढ्यावरून मधली एक भिंत गेली आणि तिथे कमान आली. त्यांना प्लॅनवर हे कधीच सांगता आलं नसतं आणि आम्हाला विचारायचं सुचलं नसतं.

पण ओट्याच्या उंचीबाबत मला व्हीआर अपुरं वाटलं. दिसायला सगळं ठीक होतं. हात टेकवायला गेले की हात आरपार जातो. पोळ्या लाटताना खांदे वर येतात की नाही हे डोळ्यांना कळत नाही, हातांनाच कळतं. यावर काही उपाय आहे का? आणि चष्मा लावून हेडसेट घालणं फार त्रासाचं आहे, तेही सांगा लोकांना.

ओळंबा

@माजघर ताई, उपाय आहे आणि अगदी साधा आहे. आतल्या ओट्याच्या जागी बाहेर खरं टेबल ठेवायचं, ओट्याच्याच उंचीचं. खाली विटा लावून ३२, ३३, ३४ इंच करता येतं. डोळ्याला काळा ग्रॅनाइट दिसतो, हाताला टेबल लागतं आणि दोन्ही एकाच जागी असल्यामुळे मेंदू ते एकच धरतो. चॅपेल हिललाच पुढे असे प्रयोग झाले. आभासी खड्ड्याच्या काठावर उभं करताना पायाखाली खरी लाकडी फळी ठेवली, फळी जेमतेम दीड इंच जाड, तर खड्ड्याची भीती कितीतरी जास्त वाटली. आपल्याला भीती नको, ओटा हवा आहे, पण तत्त्व तेच. पोळपाट-लाटणं खरंच हातात द्यायचं, हेडसेटवर कॅमेऱ्यातून बाहेरचं दिसण्याची सोय असेल तर तेही दिसतं.

चष्म्यासाठी हेडसेटमध्ये मधे बसवायची एक कडी येते, ती लावा, म्हणजे भिंगांवर ओरखडे येत नाहीत. दोन बुबुळांमधलं अंतर जुळवायची सोयही प्रत्येकासाठी वापरा. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसामाणसांत बराच फरक असतो. ते न जुळवता दिलं की डोकं दुखतं आणि पुन्हा कोणी हात लावत नाही.

सासूबाईंचा किस्सा वाचून फार बरं वाटलं. मला हवं असतं ते नेमकं हेच.

कृष्णाकाठ (सांगली)

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. तुमच्याकडे ऊन महत्त्वाचं असेल, आमच्याकडे पाणी. आयर्विन पुलावर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. २००५ ला पाणी आलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. तरीही पूर ओसरल्यावर घरं दुरुस्त होतात ती पूर्वीसारखीच. मीटर पुन्हा त्याच भिंतीवर, इन्व्हर्टर जिन्याखाली, धान्याची कोठी तळमजल्यावर.

धागा वाचून मनात आलं ते असं. घराच्या मॉडेलमध्ये पाण्याची एक सपाट पातळी टाकायची आणि ती हळूहळू वर घ्यायची. घोट्याएवढं झालं, गुडघ्याएवढं झालं, आता बोर्ड बुडाला, आता मागचं दार आत उघडत नाही. घरातल्या माणसांनी त्यात उभं राहून ठरवायचं की बोर्ड कुठे न्यायचा, आजोबांना कोणत्या पातळीला वर न्यायचं, बोट आली तर गॅलरीतून चढायचं की जिन्याच्या खिडकीतून. ती खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी आहे का आणि तिचं ग्रिल आतून उघडतं का? कागदावर हे प्रश्न पडत नाहीत.

दुसरं, हरिपूरची हळदीची पेवं. वरून अरुंद तोंड आणि खाली मोठं पोट असलेली जमिनीतली कोठारं. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं. हळदीच्या बाजारपेठेचं गाव म्हणून सांगली सगळ्यांना माहीत आहे, पण पेव आतून कसं असतं हे आता इथल्या मुलांनाही माहीत नाही. आत उतरणं धोक्याचंही असतं, हवा कोंदट असते. मापं घेऊन एक पेव व्हीआरमध्ये उभं केलं तर शाळेतल्या पोरांना आत उभं राहून वर बघता येईल. कोणाला यात रस असेल तर मला खरंच हातभार लावायचाय.

ओळंबा

@कृष्णाकाठ, हा उपयोग मला सुचला नव्हता आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. काळजी एका गोष्टीची घ्या. पुलावरचे फूट थेट घरात आणू नका. पुलावरचं शून्य वेगळं, तुमच्या जोत्याची पातळी वेगळी, आणि नदीपासून आत येताना, गटारांतून उलटं येताना पाणी सगळीकडे एकाच पातळीला राहत नाही. तुमच्या घराच्या भिंतीवर २०१९ ची खूण असेल तर जोत्यापासून तिची उंची टेपने मोजा, मॉडेलमध्ये तेवढीच घ्या. शेजारच्या पाचदहा घरांच्या खुणा ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) जोडल्या तर सगळ्या गल्लीचं मॉडेल विश्वासाने करता येईल. आणि पाणी निळं, पारदर्शक करू नका. पुराचं पाणी गढूळ असतं, त्याखाली पायरी दिसत नाही. ते तसंच दाखवलं तर जिन्याला कठडा का लागतो हे कळेल.

पाऊलवाट (मिरज)

मी फिजिओथेरपीत काम करते. दोन गोष्टी.

पहिली, वरच्या पुराच्या कल्पनेबद्दल. कल्पना चांगली आहे, पण जे त्या पाण्यात अडकले होते त्यांना थेट आत नेऊ नका. व्हीआर माणसाला खरोखर घाबरवू शकतं, म्हणूनच ते उपचारातही वापरतात. उंचीच्या भीतीवर व्हीआरमधून टप्प्याटप्प्याने उपचार केल्याचा अभ्यास बार्बरा रोथबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच प्रसिद्ध केला होता. पण तिथे शेजारी प्रशिक्षित माणूस असतो आणि पायऱ्या ठरलेल्या असतात. घरात दाखवताना आधी विचारा, पाणी घोट्यापर्यंतच ठेवा, आणि "थांबा" म्हटलं की लगेच हेडसेट काढा.

दुसरी गोष्ट माझ्या रोजच्या कामातली. पक्षाघातानंतर किंवा अपघातानंतर माणूस घरी जातो तेव्हा घर त्याला अडवतं. बाथरूमचं दार अडीच फुटी, चाकाच्या खुर्चीला ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट, मोकळी वाट लागते. खुर्ची गोल वळवायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. रॅम्पचा उतार १ ला १२ पेक्षा जास्त नको. म्हणजे जोतं दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब. हा आकडा नुसता सांगितला तर कोणी मनावर घेत नाही. आपल्या तीस फुटी प्लॉटच्या दारात तो रॅम्प उभा केला आणि मुलाने खुर्चीत बसून तो चढायचा प्रयत्न केला की जोत्याची उंची, गेटची जागा, सगळं नव्याने ठरतं. बघणाऱ्याला खरोखर खुर्चीत बसवा, म्हणजे डोळ्यांची उंचीही खुर्चीतली येते. बेसिनचा आरसा, स्विच, दाराची कडी, कशाला हात पोचतो हे तेव्हाच कळतं. घर बांधताना सगळे धडधाकट असतात. मी हे सगळ्यांना सुचवीन, घरात आज खुर्ची असो वा नसो.

तिसरी घंटा (सांगली)

नाटकवाला आहे, म्हणून वेगळा मुद्दा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात प्रयोग केला, त्यामुळे रंगमंचाबद्दल इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेला किंवा बाहेरगावच्या प्रयोगाला जाताना आमची मोठी अडचण असते ती नेपथ्य. आमच्या तालमीच्या खोलीत बसणारा सेट तिथल्या रंगमंचावर कसा दिसेल, शेवटच्या रांगेतून पायऱ्यांवर बसलेलं पात्र दिसेल का, बाल्कनीतून मागच्या दाराची वरची पट्टी पात्राचं डोकं कापते का. नाट्यगृहाची मापं एकदा घेऊन ठेवली तर व्हीआरमध्ये प्रत्येक खुर्चीत बसून बघता येईल. आणि नटांना आत उभं करून एंट्री-एक्झिटची पावलं बसवता येतील, विंगेतून टेबलापर्यंत किती पावलं, वाक्य संपायच्या आत पोचतो का. मध्यम उंचीच्या आमच्या खोलीत हा अंदाज येतच नाही. प्रकाशयोजनेसाठी मात्र मी त्यावर विसंबणार नाही. खरा दिवा कापडावर पडल्यावरच काय ते कळतं.

दगडी पायरी (सातारा)

वर सगळे नव्या इमारतींबद्दल बोलले, मी जुन्याबद्दल लिहितो. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर बऱ्याच जणांनी बघितली असेल. विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतलेली. अष्टकोनी तोंड, ११० फूट खोली, ५० फूट व्यास आणि मधल्या भागात चक्क महाल. आमच्या आईला ती बघायची होती, पण गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या उतरता येत नाहीत. अशा जागा फोटोंवरून मॉडेल करून त्यातून फिरवता येतील ना? मी छंद म्हणून फोटोंपासून मॉडेल बनवतो (मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर वापरून), पण पाण्याजवळ सगळं बिघडतं.

ओळंबा

@दगडी पायरी, पाणी, काच आणि चकाकणारा पॉलिश दगड यांचं फोटोंवरून मॉडेल होत नाही, कारण प्रत्येक फोटोत त्यांच्यावर वेगळं प्रतिबिंब असतं आणि सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू मिळत नाहीत. पाण्याचा भाग कापून टाका आणि तिथे हाताने एक सपाट पातळी ठेवा. फोटो घेताना एकमेकांवर साठसत्तर टक्के तरी चढले पाहिजेत. ढगाळ दिवस निवडा, म्हणजे वर कडक ऊन आणि खाली मिट्ट काळोख असा फरक राहणार नाही. मोजपट्टी किंवा ज्ञात लांबीची काठी दोनतीन ठिकाणी फोटोत येऊ द्या, नाहीतर मॉडेल देखणं होतं पण माप हरवतं. २०२३ पासून गॉशियन स्प्लॅटिंग नावाची पद्धत आली आहे, तिच्यात शेवाळ, झाडी, ओला दगड फार जिवंत दिसतो. पण तो सगळा सूक्ष्म ठिपक्यांचा ढग असतो, त्याला घट्ट पृष्ठभाग नसतो, म्हणून पाय कुठे टेकायचा हे वेगळ्या साध्या मॉडेलवरून सांगावं लागतं. तुमच्या आईसाठी मी असं करीन: दिसायला स्प्लॅट, चालायला त्याखाली लपवलेल्या साध्या पायऱ्या, आणि त्या बसल्या जागेवरून एकेका टप्प्यावर उतरतील अशी सोय. संरक्षित जागी तिपाई, ड्रोन वगैरे न्यायच्या आधी परवानगी घ्या.

नकाशा नसलेल्या वाड्यांचंही हेच. वाटण्या होऊन वाडे पाडले जातायत, त्यातले कितीतरी कुठेही नोंदलेले नाहीत. पाडायच्या आधी दोन दिवस फोटो घेतले तरी चौक, ओसरी, कोनाडे, तुळयांवरचं कोरीव काम मापासकट राहील.

शिकाऊ स्थापत्य (सांगली)

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून आमच्याच घराचं असं मॉडेल करायचंय. माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड नाही. हेडसेट एका मित्राचा मिळेल. कुठून सुरुवात करू? आणि मागे एकदा मित्राच्या हेडसेटवर कंट्रोलरच्या काडीने चाललो तर मळमळायला लागलं. ते माझ्यामुळे होतं की मॉडेलमुळे?

ओळंबा

@शिकाऊ, तुझ्या प्रकृतीचा दोष नाही. डोळ्यांना आपण पुढे चाललोय असं दिसतं आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेला आपण जागेवरच आहोत हे कळत असतं. या दोन्ही गोष्टी भांडल्या की मळमळतं. म्हणून जिथे जमेल तिथे खऱ्या पावलांनी चालू दे, आणि लांब जायचं तर बोट दाखवलेल्या जागी एकदम पोचण्याची सोय ठेव. सलग सरकवायचंच असेल तर वेग माणसाच्या चालण्याएवढा, सेकंदाला सुमारे १.४ मीटर, त्याहून जास्त नको. चालताना कॅमेरा वरखाली डुलवू नको. वळताना झटक्याने ठरावीक अंश फिरव. जिना हा सगळ्यांत वाईट, तिथे थेट वरच्या पायरीवर नेणं बरं.

दुसरं कारण अडखळणारं चित्र. सेकंदाला ७२ चित्रं हवी असतील तर एक चित्र जेमतेम १४ मिलिसेकंदांत तयार व्हावं लागतं, ९० साठी ११ मिलिसेकंद, आणि तेही दोन्ही डोळ्यांसाठी. इथे सगळ्यांचं मॉडेल मार खातं. इंटरनेटवरून उतरवलेला एक नळ किंवा कोरीव खुर्ची अख्ख्या घरापेक्षा जास्त त्रिकोणांची असते (मॉडेलचे पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांचेच बनतात). भिंती साध्या ठेव, दाराच्या मुठी सोप्या कर, एकसारख्या वस्तू एकच प्रत वापरून पुन्हा ठेव, टेक्श्चर कमी संख्येने एकत्र कर. मागच्या खोल्या दिसत नसतील तेव्हा हेडसेटने त्या रेखाटूच नयेत अशी सोय चालू कर.

तुझ्या लॅपटॉपवर ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर चालेल, ते मोफत आहे. मीटरमध्ये काम कर, फूट-इंच आपल्या डोक्यात ठेवायचे. तिथून जीएलबी फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) काढ आणि ए-फ्रेम या व्हीआरची वेबपानं बनवायच्या साधनाने वेबपान बनव. हे मोझिलाच्या लोकांनी २०१५ मध्ये आणलं, थोडं एचटीएमएल येत असेल तर दोनतीन दिवसांत जमतं. हेडसेटच्या ब्राउझरमध्ये पान उघडलं की चालू. सावल्या ब्लेंडरमध्येच भाजून घे, हेडसेटवर ताण येत नाही. लॅपटॉपला वेळ लागेल, रात्री लावून ठेव. वेबपानाचा फायदा हा की हेडसेट नसलेली आत्या फोनवरही ते घर बघू शकते, चालण्याचा अनुभव नाही मिळाला तरी.

आणि मूळ फाइल आपल्याकडे ठेव. लोकांना एकत्र फिरता येणारी मोझिलाची हब्ज सेवा २०२४ च्या मे महिन्यात बंद झाली. ज्यांनी सगळं काम तिथेच ठेवलं होतं त्यांची धावपळ झाली.

घाटमाथा

धागा वाचत होतो म्हणून पुन्हा आलो. चालायला जागेचा प्रश्न सोडवायचा तर आमच्याकडे एक मंगल कार्यालय आहे, लग्नसराई नसताना रिकामंच असतं. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरचं घर त्यात आरामात बसेल. एखाद्या कामाला आपण दोघं करून बघू का? खाली चुन्याच्या रेघा मी मारतो, वर भिंती तुम्ही दाखवा.

ओळंबा

@घाटमाथा, नक्की. कार्यालयाच्या आतच करू, उघड्या अंगणात नको. हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला पडदा जळतो. भिंती पांढऱ्याफटक असतील तर चारदोन रंगीत पडदे किंवा पोस्टर लावून घ्या, कारण हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी आजूबाजूच्या खुणा बघून जागा ओळखतो आणि कोऱ्या भिंतीत त्याचा अंदाज चुकतो. उजेडही पुरेसा हवा. हेडसेट किती मोठी हद्द आखू देतो ते आधी तपासतो, कमी पडली तर घराचे दोन भाग करून एकेक चालवू. खुर्च्यांचे ढीग भिंतीला लावून ठेवायला सांगा. आणि हेडसेट घातलेल्या प्रत्येकासोबत एक माणूस हाताच्या अंतरावर हवा, मुलं इकडेतिकडे पळत असली तर दोन.

चुन्याच्या तुमच्या रेघा आणि मॉडेलच्या भिंती जुळवायला एक कोपरा नक्की करू. जिन्याखालचा कोपरा बरा पडेल, तिथली उंचीच आधी बघायची आहे. त्या दिवशी घरमालकांसोबत त्यांच्या आईवडिलांनाही बोलवा. जे ठरेल ते तिथेच लिहून काढू, दार किती इंच सरकलं, सिल किती झाली, बोर्ड कुठे गेला, आणि तेच सुधारलेल्या नकाशात उतरवून सगळ्यांच्या सह्या घेऊ. मिस्त्रीच्या हातात शेवटी तो नकाशाच असतो.